आंबलेले अंग आणि बांधावरचा पाला





या पानावर एरवी आपण लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा यांवर बोलतो. या अंकात उसाऐवजी ऊस पिकवणाऱ्या आणि तोडणाऱ्या शरीराविषयी चार गोष्टी लिहायच्या आहेत. लागणीला दिवसभर वाकून कांड्या दाबणे, भरणीला खोरे मारणे, रात्रीच्या पाळीला चिखलात उभे राहून दारे धरणे, फडात कोयता चालवणे आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणे, यांतले एकही काम अंग न दुखता होत नाही. संध्याकाळी घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, "आज अंग पार आंबून गेलंय."

मग कुणी निरगुडीचा पाला उकळायला ठेवतो, कुणी चुलीत वीट तापवतो, कुणी दुकानातून गोळी आणतो, तर कुणी सरळ जाऊन सुई टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उभा राहतो. यातले कोणते बरोबर आणि कोणते अंगाशी येणारे, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. कृषी पदविका घेतलेला शेतकी खात्याचा माणूस आहे. पण फवारणीच्या वेळी आम्ही आपल्याला तीन गोष्टी सांगतो: रोग ओळखा, मात्रा पाळा, लेबल वाचा. माणसाच्या औषधालाही हाच न्याय लागू आहे, मग ते औषध बाटलीतले असो की बांधावरच्या झाडाचे.

अंग का दुखते?

बऱ्याच दिवसांनी जड काम केले की त्याच दिवशी फारसे जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मांड्या, पोटऱ्या, दंड आणि कंबर भरून येते. हे दुखणे साधारण चोवीस तासांनी वाढू लागते, दोन ते तीन दिवस जोरात असते आणि आठवड्याच्या आत आपोआप उतरते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच याचे वर्णन करून ठेवले आहे. स्नायूच्या आतल्या बारीक तंतूंना इजा झाल्यामुळे हे होत असावे, असे त्यांनी मांडले. आज हेच स्पष्टीकरण मानले जाते.

"अंगात आम्ल साठतं म्हणून दुखतं" असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. जोराच्या कामात स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होते, पण काम थांबल्यावर तासा-दीड तासात शरीर ते काढून टाकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

तंतूंना जास्त इजा कोणत्या कामाने होते? ज्या कामात स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, त्या कामाने. मोळी घेऊन वर चढण्यापेक्षा उतारावरून किंवा फळीवरून खाली उतरताना मांड्यांना जो भार पडतो, तो जास्त दुखावतो. जड पोते एकदम टाकण्याऐवजी हळूहळू खाली ठेवताना दंडांचेही तसेच होते.

यात एक दिलाशाची बाब आहे. इजा झालेला स्नायू दुरुस्त होताना आधीपेक्षा काटक होतो. तेच काम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केले तर दुखणे पुष्कळ कमी असते. म्हणून हंगामाच्या पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावू नये. पहिले तीन-चार दिवस कामाचा बोजा चढता ठेवावा. बैलालासुद्धा आपण पहिल्या दिवशी पूर्ण औताला जुंपत नाही.

शेक आणि चोळणे

आपल्याकडच्या घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे शेक आणि हलक्या हाताने चोळणे. उष्णतेने त्या जागेचे रक्ताभिसरण वाढते, आखडलेला स्नायू सैल होतो आणि दुखण्याची जाणीव बोथट होते. कामानंतर आंबलेल्या स्नायूला चोळून घेतल्याने दुखणे कमी होते, हे निरनिराळ्या पाहण्यांत दिसून आले आहे.

निरगुडी, कुणी तिला निगडी म्हणतात, ही या कामातली जुनी मानकरी. ओढ्याकाठी, बांधावर ती आपोआप येते. तीन किंवा पाच बोटांसारखी पाने, खालून पांढरट, चुरगळल्यावर उग्र वास. पाला पाण्यात उकळून वाफ घ्यावी, किंवा पाने तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक घ्यावा. निरगुडीच्या पानांत सूज उतरवणारे घटक आहेत, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळले आहे. माणसांवरचा पुरावा मात्र अजून थोडका आहे. म्हणजे गुण येतो त्यात उष्णतेचा वाटा मोठा आणि पानाचा थोडा, असे समजून चालावे. गुण येतो हे महत्त्वाचे.

एरंडाचे पान तेल लावून गरम करून कंबरेवर किंवा गुडघ्यावर बांधतात. हळदीच्या रानात एरंड लावायची पद्धत आपल्याकडे आहेच, त्यामुळे पान मिळायला अडचण नाही. पान उष्णता धरून ठेवते आणि तेलामुळे त्वचा मऊ राहते. मात्र एरंडाच्या बिया जहरी असतात. त्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

पाला नसेल तर जाड मीठ किंवा ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी करावी. शेकण्याआधी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. तिथे सोसवत नसेल तर पाठीलाही सोसवणार नाही. एका जागी दहा-पंधरा मिनिटे शेक पुरे होतो.

मधुमेही सभासदांना इथे खास सूचना आहे. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. चटका बसलेला कळत नाही, फोड येतो, जखम चिघळते. पावलांना गरम विटेचा किंवा पुरचुंडीचा शेक त्यांनी घेऊच नये.

घरी निरगुडीचे तेल करायचे असेल तर

एक वाटी तिळाच्या तेलाला पाल्याचा चार वाट्या गाळलेला रस घ्यावा. दोन्ही जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवावे आणि मधून मधून ढवळावे. रसातले पाणी पूर्ण आटले पाहिजे, नाहीतर तेलाला बुरशी येते आणि ते खवट होते. पाणी आटले की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी: कापसाची वात तेलात बुडवून पेटवावी. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. शांत जळली तर तेल तयार झाले. निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून वर तारीख लिहावी. चोळण्याआधी हातावर थोडे लावून एक दिवस थांबावे. खाज किंवा पुरळ आले तर ते तेल आपल्याला मानवत नाही.

बाम आणि गंधपुऱ्याचे तेल कसे काम करते?

बाम लावला की कधी गरम, कधी गार वाटते. प्रत्यक्षात तिथली त्वचा फारशी तापलेली किंवा निवलेली नसते. मिरचीतला तिखट घटक उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाला चाळवतो. हे टोक कोणते, ते डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढले. पेपरमिंटच्या अर्काचे गार वाटण्याचे टोक २००२ साली सापडले. या प्रकारच्या संशोधनाबद्दल ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतू गरम-गार कळवण्यात गुंतला की दुखण्याचा निरोप मागे पडतो. मिरचीचा घटक वरचेवर लावल्यास ते टोक काही काळ थकून गप्प बसते. औषधी मलमे याच तत्त्वावर केलेली असतात. म्हणून घरची मिरची वाटून कुणी पाठीला लावू नये. तिथे मात्रा ठरलेली नसते आणि कातडी भाजून निघते.

गंधपुऱ्याच्या तेलाचा घटक ॲस्पिरिनच्या कुळातला आहे. ॲस्पिरिनचा मूळ धागाही एका झाडाच्या सालीतून आलेला आहे. युरोपात विलो झाडाची साल ताप-दुखण्यावर देत. तिच्यातल्या द्रव्याच्या अभ्यासातून पुढे १८९७ साली जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले. आपल्या ओढ्याकाठचे वाळुंज त्याच विलोचे भाऊबंद. हे सांगण्याचे कारण एवढेच की झाडपाल्यात खरे औषध असते. आणि जिथे खरे औषध असते, तिथे त्याचा अपायही असू शकतो. "झाडाचं आहे, त्यानं काय होतंय" हे म्हणणे म्हणूनच सोडून द्यायला हवे.

गंधपुऱ्याचे शुद्ध तेल एक चहाचा चमचा पोटात गेले तर ३२५ मिलिग्रॅमच्या सुमारे वीस ॲस्पिरिन गोळ्या एकदम गिळल्यासारखे होते. लहान मुलाचा त्यात जीव जाऊ शकतो. बाटली उंचावर, झाकण घट्ट करून ठेवा. कापराचेही तसेच, पोटात गेला तर मुलाला झटके येतात. हे तेल किंवा बाम जखमेवर, खरचटल्यावर लावू नये आणि लावून वरून शेक घेऊ नये. नाहीतर औषध जास्त प्रमाणात आत शिरते आणि कातडीही भाजते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

पोटात घ्यायचे: सुंठ आणि हळद

सुंठीबद्दल चांगली माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना रोज दोन ग्रॅम आल्याची पूड अकरा दिवस दिली आणि मधल्या एका दिवशी दंडाला दुखेल असा व्यायाम करायला लावला. पूड न घेतलेल्यांपेक्षा त्यांचे दुखणे सुमारे पाव हिश्श्याने कमी भरले. दोन ग्रॅम म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचाभर सुंठपूड. गूळ-तुपात किंवा गरम पाण्यात घेता येते. मात्र गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उतार पडावा, तसा सुंठीचा गुण लगेच दिसत नाही. ती हंगामभर थोडी थोडी घ्यायची गोष्ट आहे. पित्ताचा त्रास असेल तर बेताने घ्यावी.

हळद-दूध हा तर घरोघरचा उपाय. हळदीतला कामाचा घटक कर्क्युमिन. हळदीत तो शेकडा तीनच्या आसपास असतो आणि त्यातलाही फार थोडा रक्तात उतरतो. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की मिरीतल्या तिखट द्रव्याबरोबर कर्क्युमिन दिले तर माणसात त्याचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढते. आपल्या आज्या दुधात हळदीबरोबर मिरीची चिमूट टाकत, ती वाया जात नव्हती म्हणायचे. कर्क्युमिनच्या जादा मात्रेने कामानंतरचे दुखणे थोडे कमी झाल्याचे काही लहान प्रयोगांत दिसले. पण त्या मात्रा पेलाभर दुधातल्या चमचा-अर्ध्या चमचा हळदीपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. म्हणून हळद-दूध जरूर घ्या. त्यातले दूध आणि झोपेआधीचा गरम पेला यांचाही फायदा आहे. पण जादा गुण मिळेल या आशेने अर्काच्या महागड्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका. अशा तीव्र अर्कांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इतर देशांत झाल्या आहेत. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारावे.

मुरगळले, लचकले तर

सरीत पाय मुरगळला आणि घोटा सुजला, तर ते आंबलेपण नव्हे. ती ताजी इजा आहे. पहिले एक-दोन दिवस तिथे शेक नको, तेल नको आणि "हाड बसवतो" म्हणून ओढाओढही नको. गार पाण्याच्या घड्या ठेवा, पट्टी बेताने बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. सूज बसल्यावर मग हलका शेक चालेल. पाय टेकवतच नसेल, आकार वेडावाकडा दिसत असेल किंवा हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर एक्स-रे काढून घ्यावा.

कशापासून दूर राहावे?

१) रुईचा चीक आणि बिब्बा. रुईचे पान गरम करून बांधतात, पण तोडताना निघणारा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. चुकून गेलाच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन तडक दवाखाना गाठावा. बिब्ब्याने कातडीवर फोड उठतात आणि व्रण राहतो. स्वतःच्या मनाने तो लावू नये.

२) बिनलेबलाच्या पुड्या. बाजारात, जत्रेत "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून सांधेदुखी-कंबरदुखीच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण येतो. तोच संशयाचा मुद्दा आहे. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक ॲलोपॅथी औषध मिसळलेले तपासणीत अनेकदा सापडले आहे. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. कुणी बरेच दिवस अशी पुडी घेत असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावी. औषध आयुर्वेदिक असले तरी लेबलावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदतीची तारीख असलीच पाहिजे. बिनलेबलाचे कीटकनाशक आपण उसावर मारत नाही, मग बिनलेबलाची पुडी पोटात कशी घालतो?

३) उन्हात, तहानलेल्या अंगावर घेतलेली गोळी आणि सुई. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या दुखणे थांबवतात, यात शंका नाही. पण पाटाला पाणी कमी आले की आपण दारे धरून शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचवतो ना? तसे अंगातले पाणी कमी झाले की शरीर मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताची वाट खास उघडी ठेवते. या गोळ्या नेमके तेच दार लोटून घेतात. घामाने अंग सुकलेले असताना ही गोळी रोज घेत राहिले तर मूत्रपिंडाला धोका पोचतो आणि दुखत काहीच नसल्यामुळे तो कळतही नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा पित्ताचा व्रण असलेल्यांना धोका आणखी जास्त.

हा धोका ऊसशेतीला नवा नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत या शतकाच्या सुरुवातीपासून मधुमेह-रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. रणरणत्या उन्हातले अतिश्रम आणि अंगातले पाणी आटणे ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. वेदनाशामक गोळ्यांनी त्यात भर पडत असावी, असेही म्हटले जाते. त्यावर उपाय म्हणून एल साल्वाडोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात काही तोडणी कामगारांना पाठीवर न्यायची पाण्याची पिशवी, सावलीचा हलता मांडव, ठरावीक विश्रांती आणि सुधारित कोयता देऊन पाहिले. विश्रांती दिल्याने तोडणी घटली नाही. उलट माणशी रोजची तोडणी वाढली. ही गोष्ट प्रत्येक फडमालकाने आणि मुकादमाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही लक्षणे दिसली तर पाला बाजूला ठेवा

• पोटऱ्या-कंबर फार दुखते आणि सोबत ताप, थंडी, डोके दुखणे, डोळे लाल होणे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम केल्यावर काही दिवसांनी असे झाले तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या भेगांतून हा रोग शिरतो. उसात उंदीर किती असतात हे आपल्याला सांगायला नको. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९३३-३४ च्या सुमारास ऊसतोड कामगारांत त्याची साथ आली होती. लवकर कळला तर औषधाने बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात. डॉक्टरांना "मी उसाच्या रानात पाण्यात काम करतो" एवढे आवर्जून सांगा. चिखलात उतरताना गमबूट घाला, भेगांवर पट्टी लावा.

• अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी होणे, स्नायू ताठणे. स्नायू जास्त फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याची ही खूण आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• छातीत दाब, डाव्या दंडात किंवा जबड्यात कळ, घाम सुटणे. याला "उसण भरली" म्हणून तेल चोळत बसू नये.

• एकच पोटरी सुजून गरम होणे. तिथे चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते.

• कंबरेतून पायात मुंग्या, पाय लुळा पडणे, लघवी-संडासवर ताबा न राहणे.

• आठवडा उलटूनही न उतरणारे किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे.

भरून कशाने येते?

तोडलेल्या उसाचा बुडखा पुन्हा फुटतो. पण त्याला पाणी, खत आणि वेळ मिळाला तर. स्नायूचेही तसेच आहे. पाला, तेल, सुंठ यांनी दुखणे हलके होते. दुरुस्ती शरीर स्वतः करते आणि तिला सामान लागते.

पाणी: उन्हात कामावर असताना तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार जात असेल तर मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी प्यावे. पायात गोळे येत असतील, चक्कर वाटत असेल तर सावलीत बसावे आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे. साखर तर आपल्या घरचीच आहे.

आहार: भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी. नुसत्या भाकरी-ठेच्यावर स्नायू भरून येत नाही.

झोप: दुरुस्तीचे बरेच काम झोपेत चालते. रात्रीची दारे धरून आलेल्या माणसाला सकाळी लगेच कोयता देऊ नये. दारूने अंगदुखी विसरल्यासारखी वाटते, पण अंगातले पाणी जाते आणि झोपही मोडते.

हालचाल: दुखते म्हणून दोन दिवस खाटेवर पडून राहण्यापेक्षा हलके चालणे, हात-पाय सैल करणे बरे. पण त्याच स्नायूवर त्याच दिवशी पुन्हा जड भार नको.

शेवटी एक विनंती. आपल्या फडावर टोळी येते तेव्हा बायामाणसे डोक्यावरून मोळ्या वाहतात. एक दिवस चुकला तर खाडा पडतो आणि पैसे जातात, म्हणून पुष्कळ जणी गोळी गिळून उभ्या राहतात. सभासद म्हणून आपण तीन गोष्टी करू शकतो. फडाजवळ पिण्याच्या स्वच्छ पाण्याची टाकी आणि सावलीला एक ताडपत्री ठेवावी. मोळी लहान बांधायला सांगावे. आणि एखादीचे अंग खरोखर भरले असेल तर त्या दिवसाचा खाडा धरू नये, असे मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे. ऊस एक दिवस उशिरा गेला तर वजनात थोडे घटेल. एकदा गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.

बांधावर निरगुडीची दोन झाडे राखा, शेकाची पुरचुंडी हाताशी ठेवा आणि गोळीआधी पाण्याचा तांब्या उचला. पाचट मात्र जाळू नका, त्यावर पुढच्या वेळी बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग